विलायतेतला चकवा

फार वर्षांपूर्वी, समुद्रात अजून शिडांचीच जहाजं चालत होती, तेव्हा आपल्या खाडीकाठचे दोन खारवी भाऊ विलायतेला गेले. थोरला लखमोजी, धाकटा वाघू. आईनं मरताना वाघूचा हात लखमोजीच्या हातात दिला होता, असं म्हणतात. त्यामुळे जहाजावरही लखमोजी भावाला नजरेआड होऊ देत नसे.

जहाज विलायतेच्या बंदरात लागलं आणि वाघूला ताप भरला. धक्क्यावर गवत विकायला आलेला जेकब नावाचा म्हातारा गाडीवान होता. त्याला दया आली. माझी बायको औषधपाणी जाणते, पोराला घरी नेतो, असं तो म्हणाला. लखमोजीला काम सोडता येत नव्हतं. त्यानं वाघूला गाडीत निजवलं, अंगावर आपली घोंगडी घातली आणि गाव कुठलं ते विचारलं. जहाजाच्या तांडेलाला तिथली भाषा थोडीफार यायची. तो जेकबशी बोलून म्हणाला, "दिवसभराची वाट आहे. दगडी चर्च, चौकोनी बुरुजाचं. पुढं तळं, तळ्यात बदकं. दारूच्या गुत्त्यावर पांढऱ्या घोड्याची पाटी."

"झालं तर मग," लखमोजी म्हणाला.

"अरे, गावाचं नाव विचार की."

"नाव घेऊन काय करू? माझ्या जिभेवर बसायचं नाही ते. देऊळ कळलं, तळं कळलं, म्हणजे गाव कळलं."

आपल्याकडे असंच असतं. समुद्रातून येणारा नाखवा गाव ओळखतो ते खुणांनी. देवळाचं शिखर, दोन माड, तांबडा कडा. एका गावाची खूण दुसऱ्याला नसते. लखमोजीला वाटलं, साऱ्या जगाची हीच रीत.

आठ दिवसांनी तांडेलानं त्याला मोकळं केलं. "आजपासून दहाव्या दिवशी भरतीला शिडं उभारणार," तो म्हणाला. "आलात तर दोघं आमचे. नाही तर राहा इथंच, बदकं राखत."

लखमोजी निघाला. संध्याकाळच्या आत त्याला गाव दिसलं. दगडी चर्च, चौकोनी बुरूज. पुढं तळं, तळ्यात बदकं. गुत्त्यावर पांढरा घोडा. त्याचा जीव भांड्यात पडला. तो दारोदार "वाघू, वाघू" म्हणत फिरला. लोकांनी माना हलवल्या. वाघू नव्हता. जेकबही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. तसाच बुरूज, तसंच तळं, तसाच घोडा. तिसऱ्या दिवशीही तेच. चर्चच्या आवारात तशीच कललेली थडगी, भिंतींवर तसेच वेल, छपरं तशीच गवतानं शाकारलेली. वाटा अशा खोल की दोन्ही बाजूंची कुंपणं डोक्याच्या वर. वर आभाळाची पट्टी तेवढी दिसे, तीही राखाडी. सूर्य कुठं उगवतो आणि कुठं मावळतो ते कळेना. लखमोजी घोटाळला. आपण नव्या गावात आलो की कालच्याच, हेच त्याला उमगेना. तेव्हा मुंडाशाची चिंधी फाडून त्यानं एका घोड्याच्या पाटीला बांधली. मग दोन दिवस नाकासमोर चालला. सहाव्या दिवशी एका गावात शिरला, मान वर केली, तर पाटीवर त्याचीच चिंधी फडफडत होती.

त्या गावाचं नाव ॲशकोम. गावाबाहेरच्या तिठ्यावर मार्था नावाची म्हातारी सरपण वेचत होती. लखमोजी तिच्यापुढं उभा राहिला आणि मराठीतच म्हणाला, "मावशी, मला चकवा लागलाय."

मार्थाला शब्द कळला नाही, पण चेहरा कळला. त्यांच्याकडेही चकवा असतो. तिनं त्याला कोट काढायला लावला, तो उलटा केला आणि परत त्याच्या अंगात घातला. चकव्यावर त्यांचा उपाय तो. आपला उपाय वेगळा. लखमोजीला बापाचं बोलणं आठवलं. बाप म्हणायचा, "चकवा चालणाऱ्याला फिरवतो. बसलेल्याला काय फिरवणार?"

पण दिवस उरले होते चार. चालावं तर चकवा फिरवतो, बसावं तर जहाज जातं. लखमोजीनं तिन्ही वाटांकडे एकदा पाहिलं. मग तिठ्यावरच्या दगडावर जाऊन बसला.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मार्था पाव आणून द्यायची. गावचा लोहार येता-जाता हसायचा. "मार्थाबाई, पाहुणा दगडालाच वल्हं मारतोय. आज कुठवर पोचला?"

"तुझ्या घणापेक्षा पुढं," मार्था म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं उतरलं, आणि असं म्हणतात की त्या धुक्यात गावं चालायला लागली. लखमोजी बसलेलाच होता. त्याच्यासमोरून एक बुरूज गेला, मागोमाग तळं, तळ्यात बदकं. मग दुसरा बुरूज, दुसरं तळं. पाण्यावरून पडाव सरकावेत तशी गावं सरकत होती. ॲशकोमच्या बायका सांगतात, त्या सकाळी आमच्या फडताळातल्या बशा किणकिणत होत्या. आठ गावं गेली. नववं आलं आणि दगडापुढं थांबलं. तळ्याच्या काठी, लखमोजीची घोंगडी पांघरून, वाघू बसला होता.

"दादा, किती उशीर केलास," वाघू म्हणाला.

"मी केला? तुझं गाव कुठं हिंडत होतं ते विचार त्याला."

एवढं बोलून लखमोजीनं भावाचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

काही शहाणी माणसं म्हणतात, गाव कशाला चालेल? वाघू बरा झाला होता, जेकब त्याला गाडीतून बंदराकडे नेत होता आणि वाट त्या तिठ्यावरूनच जाते. असेलही. ॲशकोमची माणसं वाद घालत नाहीत. जेकबनं दोघांना गाडीत घेतलं, आणि दहाव्या दिवशी शिडं चढली तेव्हा दोघं भाऊ दोर ओढत होते, एवढं मात्र दोन्हीकडे सारखंच सांगतात.

तो दगड अजून तिठ्यावर आहे. ॲशकोममधलं कुणी वेळेवर घरी आलं नाही, तर बाकीचे शोधायला जातात, पण घरातलं एक माणूस लखमोजीच्या दगडावर बसतं. त्याला कुणी ऊठ म्हणत नाही. शेजारी पाव आणून देतात. लढाईच्या काळात एक आई तिथं रोज दुपारी बसायची, चार वर्षं, असं म्हणतात.

आता तिथं जुनी गावं बघायला शहरातली माणसं येतात. चार गावं बघून झाली की त्यांचा गोंधळ उडतो, आणि हे कुठलं गाव, असं ती विचारतात. ॲशकोमचा माणूस लगेच नाव सांगत नाही. आधी दगडाकडे हात करतो आणि म्हणतो, "बसा जरा."

आणि पाव आणायला घरात जातो.