कहाणी उरलीसुरलीची

अक्षता हाती घ्या, मांडी नीट घाला आणि ऐका. ऐक अन्नपूर्णे, तुझी कहाणी.

आटपाट नगराच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी एक पेठ होती. पेठेत एक साळी राहत होता. त्याची बायको मथूबाई. घरी माग होता, दारी गाय होती, कशाची ददात नव्हती. लेक एकच, सगुणा. ती वर गडावर दिली होती. गडाला तीनशे साठ पायऱ्या होत्या.

मथूबाई साऱ्या घराला वाढी आणि सगळ्यांच्या मागून जेवी. सासू मरताना तिचा हात घट्ट धरून सांगून गेली होती, “सूनबाई, अन्न टाकू नये. भांड्याच्या बुडाशी उरेल ते आपल्या पोटात घालावं.” सून गुणाची. तिनं तसंच केलं. आपली भाकरी खाल्ली, पोट भरलं. मग नवऱ्याच्या ताटात कड उरली, ती खाल्ली. मग भाताची खरवड उरली, ती खाल्ली. मग आमटीचं पातेलं बोटानं पुसलं, बोट चाटलं. सकाळी तेच, दुपारी तेच, सांजेला तेच. बायांनो, हसू नका. आज सकाळी जिनं पातेलं पुसलं नाही, तिनंच हसावं.

अशी वर्षं गेली. मथूबाई भरली, मग सुटली, मग जड झाली. पाटावरून उठायला एक हात टेकू लागली, मग दोन हात टेकू लागली, मग नवऱ्यानं हात दिल्यावाचून उठवेना. पेठेतल्या बाया म्हणाल्या, खाल्लेलं अंगी लागतं, सुखी आहे. सासूसुद्धा अशीच होती की.

एक गोष्ट मात्र मथूबाईनं कुणाला सांगितली नव्हती. पोट भरल्यावर ती पातेल्याशी बसली, की तिच्या मानेमागं कुणीतरी चावत असे. हिनं घास चावायचा थांबवला, की मागचं चावणं जरासं उशिरा थांबे. मथूबाई म्हणे, उंदीर असेल.

एके दिवशी गडावरून निरोप आला. “आई, मला तिसरा महिना लागला. इथं वर सुईण नाही. माझ्या जावेचं बाळंतपण इथंच केलं, ती उठली नाही. मला भय वाटतं. मला माहेरी ने.” आणि गडाची रीत अशी होती, की पोटुशी सून खाली धाडायची तर तिच्या आईनं स्वतः वर यावं, ओटी भरावी, मगच सुनेनं पायरी उतरावी. बाप आला तर चालत नसे. सातवा महिना सरला, की मग उतरायचं नाव नाही.

मथूबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं ओटीचं सामान घेतलं, चार भोई बोलावले, डोलीत बसली. भोयांनी डोली उचलली, खाली टेकवली. पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. तिसऱ्यांदा उचलली, तिसऱ्यांदा टेकवली. मग म्हातारा भोई घाम पुसून म्हणाला, “बाई, एकीला न्यायचं ठरलं होतं. आत दोघी बसल्यात.”

मथूबाई संतापली. “मेल्या, मी जाड म्हणून थट्टा करतोस?”

“थट्टा न्हाई, बाई. जाड मानसं आमी रोज नेतो. जाड मानूस एका अंगाला कलतं. तुमच्या डोलीत एक म्होरं कलती आन् एक मागं.”

असं म्हणून भोई तिला उतरवून रिकामी डोली उचलून निघून गेले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

मग मथूबाई पायी निघाली. वीस चढली, घाम आला. चाळीस चढली, धाप लागली. साठ चढली आणि मटकन बसली. माथ्यावरचं ऊन जरा कललं होतं. समोरच्या पायरीवर तिची सावली पडली होती. सावलीला डोकी दोन होती. मथूबाईनं मान हलवली, एक डोकं हललं. दुसरं हललं नाही.

तिची बोबडी वळली. तेवढ्यात बघते तो बाजूच्या पायरीवर एक म्हातारी तांदुळजा निवडत बसलेली.

“आजी, माझ्या पाठीवर कोण आहे गं?”

म्हातारी भाजीतून डोकं न काढता म्हणाली, “उरलीसुरली. तुझी भूक शमली, की हिची लागते. तिथून पुढचे घास तुझे नव्हेत, बाई. तुझ्या सासूच्या पाठीवर होती. सासू गेली, ती तुझ्याकडं आली.”

“आणि माझ्यामागं कुणाकडं जाईल?”

म्हातारीनं भाजीची काडी मोडली. मोडलेल्या काडीनं वर गडाकडं दाखवलं. मथूबाईचं काळीज फाटलं. तिनं पाय धरले. म्हणाली, “मला वसा सांग.”

“वसा सांगितला तर उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.”

“उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.”

“मग ऐक. सगळ्यांच्या मागून चुलीपाशी जेवू नकोस, सगळ्यांबरोबर पान घेऊन बस. लागेल तेवढंच रांध. पानात आधी पालेभाजी वाढ, मग डाळ-उसळ, मग भाकरी, भात मुदीएवढा. गोड सणाला. एक घास गिळल्यावाचून दुसरा उचलू नकोस. भूक शमली, की हात धू. उरेल ते सांजेला सगळ्यांनी वाटून खा, नाहीतर गाईला घाल, पण भरल्या पोटी तोंडाला लावू नकोस. दिवस मावळायच्या आत जेव. आणि रोज ह्या पायऱ्या चढ, जमतील तेवढ्या. ह्याला हातधुणीचा वसा म्हणतात. आणि नीट ऐक, ह्या वशाला उद्यापन नाही.”

मथूबाई घरी आली. मनात म्हणाली, एवढासा वसा! तांदुळजा खाऊन कधी पाठीवरची उतरते? नड मोठी, तर तप मोठं हवं. हिला उपाशीच मारते. असं म्हणून तिनं अन्न वर्ज्य केलं. नऊ दिवस नुसतं पाणी पिऊन राहिली. तिसऱ्या दिवशी पाठ हलकी झाली. सहाव्या दिवशी गाय दारातून आत येईना, उंबऱ्याकडं बघून मागं सरू लागली. नवव्या दिवशी मथूबाईला कळलं, उरलीसुरली मेली नाही. ती उतरून उंबऱ्यावर बसली आहे आणि वाट बघते आहे.

दहाव्या दिवशी मथूबाई गडाला निघाली. तिसाव्या पायरीला डोळ्यांपुढं अंधेरी आली, ती कोसळली. लोकांनी उचलून घरी आणली. शुद्धीवर आली, तशी भूक अशी भडकली, की काय खाते आणि किती खाते ते कळेना. पानातल्या एका घासावर दोन हात पडत होते. नवऱ्याला एकच दिसत होता. महिनाभरात मथूबाई होती त्याहून जड झाली. मानेमागचं चावणं आता नवऱ्याच्या मागाच्या खटखटीतसुद्धा तिला ऐकू येई.

पाचवा महिना लागला. गडावरून निरोप आला. “आई, अजून नाही आलीस. माझी काय चूक झाली?”

ह्या एका वाक्यानं मथूबाई ढसाढसा रडली. मग पदर खोचला आणि पायऱ्यांकडं गेली. म्हातारी नव्हती. निवडलेल्या तांदुळज्याच्या काड्या मात्र तिथंच होत्या, इतक्या दिवसांनी हिरव्यागार. त्या तिनं ओच्यात घेतल्या, देवापाशी ठेवल्या आणि हातधुणीचा वसा धरला.

पहिले काही दिवस मोठे कठीण गेले. हात धुतला, की कानाशी कुणी लाडीगोडी लावी, “एवढंसंच तर आहे. खा की गं.” मथूबाई हात पुशी आणि उठे. मग ते रडू लागलं. लहान पोरीसारखं, पातेल्याच्या आतून. मथूबाईनं पातेलं गाईपुढं ठेवलं. मग एका दुपारी मेलेल्या सासूचा आवाज आला. तोच खोकला, तोच घोगरा सूर, “सूनबाई, अन्न टाकतेस? हेच शिकवलं होतं तुला?” मथूबाई पातेल्याकडं वळली. पण तिनं हात धुतला. म्हणाली, “आत्याबाई, गाय जेवली. अन्न वाया गेलं नाही.” आवाज बंद पडला.

रोज ती पायऱ्या चढे. आधी दहा, मग चाळीस, मग शंभर. जादू काही झाली नाही हो, एका रात्रीत कुणी केतकीचं पान होत नाही. कधी आठवडाभर काही हलत नसे. कधी शेजारणीच्या बारशाला दोन लाडू जास्त जात. मग दुसऱ्या दिवशी मथूबाई उपास करीत नसे. रडतही नसे. पुन्हा भाजीपासून पान वाढी. पाटावरून नवऱ्याच्या हाताशिवाय उठू लागली, मग दोन हातांवाचून उठू लागली, मग एका हातावाचून उठू लागली.

सातवा महिना सरायला तीन दिवस उरले. मथूबाई ओटी घेऊन निघाली. साठावी पायरी गेली, शंभरावी गेली, दोनशेवी गेली. धाप लागली तशी बसली, पाणी प्याली, पुन्हा उठली. तीनशे साठाव्या पायरीवर सगुणा उभी होती. तिनं आईला ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि गळ्यात पडली. मथूबाईनं ओटी भरली आणि लेकीला घेऊन खाली निघाली.

उतरताना मथूबाईच्या ध्यानात आलं. दोघी उतरत होत्या आणि पावलं तिघींची वाजत होती. तिनं लेकीला पुढं घातलं, आपण मागं राहिली. वळून बघितलं नाही.

यथाकाळी सगुणा बाळंत झाली. सुईण हुशार, बाळंतीण सुखरूप. मुलगी झाली. सव्वा महिना झाला, तशा पेठेतल्या बाया जमल्या. म्हणाल्या, “मथूबाई, वसा फळला. आता उद्यापन कर.” मथूबाई म्हणाली, “ह्याला उद्यापन नाही.” बाया म्हणाल्या, “अगं, उद्यापनावाचून का कुठं व्रत असतं? पाच सवाष्णी जेवू घाल आणि मोकळी हो.” बायांनी एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मथूबाई मातली नव्हती हो, नुसती दमली होती. मोकळी हा शब्द तिला गोड लागला. ती हो म्हणाली.

पुरण घातलं. पाच पाट मांडले, पाच पानं मांडली. वाढायला आली तो पानं सहा. सहाव्या पाटावर एक वाळकी बाई खाली मान घालून बसलेली. सवाष्णींत हिला वाटलं, तिनं आणली असेल. तिला वाटलं, हिनं आणली असेल. मथूबाईनं वाढलं. वाढताना तिला त्या बाईच्या लुगड्याचा काठ दिसला. तो काठ ह्याच घरच्या मागावर विणलेला होता. त्याच लुगड्यात सासूला मसणात नेलं होतं.

पाची सवाष्णी जेवल्या, विडा घेऊन उठल्या. सहावीचं पान भरलेलंच होतं. पाट रिकामा होता, पण ऊन होता. मथूबाई लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

चुलीपाशी सगुणा बसली होती. नुकतीच पोटभर जेवलेली. मांडीवर पुरणाचं पातेलं, हातात पळी. आईला बघून हसली. म्हणाली, “आई, बुडाशी एवढंच उरलंय. टाकायचं कशाला? मी संपवते. तू नाही का संपवायचीस?”

चुलीचा उजेड भिंतीवर होता. भिंतीवर सगुणाच्या सावलीच्या खांद्यावर दोन हात आले. मग गुडघे आले. मग दुसरं डोकं वर येऊ लागलं.

मथूबाईनं झडप घालून पातेलं ओढलं. मनात आलं, लेकीवर नको, माझ्यावर येऊ दे. जड झाले तर मी होईन. तिनं पुरणाचा घास उचलला, ओठांशी नेला. आणि कानाशी कुणीतरी हसलं. अगदी समाधानानं हसलं.

तशी मथूबाई थांबली. तिला कळलं. आई आपल्यावर घेते, ते बघून लेक शिकते. उरलीसुरली अशीच तर इथवर आली. सासूनं आपल्यावर घेतलं, ते मी शिकले. मी घेतलं, ते हिनं पाहिलं. आज मी गिळला, तर पाळण्यातली ती सव्वा महिन्याची उद्या शिकेल.

तिनं घास पातेल्यात टाकला. सगुणाला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि तिच्याच हातून पातेलं गाईपुढं ठेववलं. गाईनं चाटून पुसून लख्ख केलं. मग मथूबाईनं लेकीचे हात धुतले, आपले धुतले आणि म्हणाली, “सगुणे, बाळंतीण आहेस, भूक लागेल तेव्हा माग. ऊन ऊन वाढीन, पानावर वाढीन. पोटभर जेव, पातेलंभर जेवू नकोस. आणि हे एका दिवसाचं नव्हे बरं, जन्माचं आहे.”

अंगणातून कुणी अनवाणी चालत गेल्याचं वाजलं. गाय तिकडं बघत राहिली. ती उरलीसुरली पेठेत गेली, दारोदार थांबू लागली, कान देऊन ऐकू लागली. कुणाच्या घरी भरल्या पोटी पळी पातेल्याच्या बुडाला घासते, तेवढंच ती ऐकते. अजून तिला घर मिळालं नसेल, किंवा मिळालं असेल.

बायांनो, कहाणी झाली. आता सगळ्यांनी हात धुवा आणि उठा. उठताना पाठीला जड वाटलं, तर भिऊ नका, वळून बघू नका, उपाशीही मरू नका. उद्या पानात आधी भाजी वाढा. अन्नपूर्णे, मथूबाईच्या पाठीवरची जशी उतरवलीस, तिच्या लेकीनातीच्या वाटेतून जशी दूर केलीस, तशी आम्हां ऐकणाऱ्यांची, सांगणारीचीही उतरव. साठां घासांची ही कहाणी, पांचा घासी सुफळ संपूर्ण.