चिंबू आणि दादाचं काचेचं घर

समुद्राकाठी चिंबू राहायचा. चिंबू म्हणजे एवढुस्सा खेकडा.

चिंबूचा दादा मासोळ्यांसाठी मोठ्ठं काचेचं घर बांधणार होता. खर्चाला पैसे हवेत म्हणून त्याने पिशवीत शिंपले साठवले. माप घेऊन सुतळीला गाठी मारल्या.

मग दादा गेला. तो आता परत येणार नाही.

दादाची सुतळी चिंबूने कमरेला बांधली. कध्धी सोडली नाही.

एक दिवस मासोळ्यांचं मडकं तडकलं. टिप टिप, टिप टिप! पाणी गळू लागलं.

"चिंबूऽ, घर दे रे!"

"देतो! दादाचं घर देतो!"

चिंबूने शिंपल्यांची पिशवी उचलली. निघाला तुरुतुरु, तुरुतुरु.

"लाटबाई, लाटबाई, पाणी ओत. मासोळ्यांना घर मिळेना!"

"ओतीन की! पण कशात ओतू? आधी काचा आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. कासवकाकांचं दुकान आलं.

"काका, काका, काचा द्या. लाटबाई पाणी ओतेना, मासोळ्यांना घर मिळेना!"

"देईन की! पण जोडणार कोण? आधी गोगलगाय मावशीला विचार."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, काचा जोड. काका काचा देईनात, लाटबाई पाणी ओतेना, मासोळ्यांना घर मिळेना!"

"जोडीन की! माझा चिकटा पक्का. पण पाण्याचं ओझं केवढं! आधी खाली ठेवायला लाकडी घडवंची आण."

तुरुतुरु, तुरुतुरु. झाडावर सुतारपक्षी. टक टक टक!

"मामा, मामा, घडवंची करा. मावशी काचा जोडेना, काका काचा देईनात, लाटबाई पाणी ओतेना, मासोळ्यांना घर मिळेना!"

"करीन की! केवढी करू?"

"मोठ्ठी!"

"मोठ्ठी म्हणजे केवढी? छोटी झाली तर घर पडेल. फार मोठी झाली तर शिंपले संपतील. आधी माप आण, शहाण्या!"

चिंबू मटकन खाली बसला.

"मामा घडवंची करीनात, मावशी काचा जोडेना, काका काचा देईनात, लाटबाई पाणी ओतेना, मासोळ्यांना घर मिळेना! दादा, मी काय करू?"

नांगी कमरेला लागली. सुतळी! एक गाठ लांबीची. एक गाठ रुंदीची. एक गाठ उंचीची.

पण दादाची सुतळी सोडायची?

टिप टिप, टिप टिप!

चिंबूने सुतळी सोडली.

"मामा, हे घ्या माप. पण कापू नका हं!"

"नाही रे बाळा."

मामांनी मोजलं. टक टक टक, घडवंची झाली. काकांनी काचा दिल्या, ना कमी ना जास्त. मावशीने जोडल्या, चिक चिक चिक. लाटबाईने पाणी ओतलं, खळ खळ खळ.

थेंबही गळला नाही!

मासोळ्या आत शिरल्या. सुळकन! सुळकन!

चिंबूने सगळ्यांना शिंपले दिले. पिशवीत एक उरला.

"बघा, माझ्या दादाचा हिशेब! उरलासुद्धा!"

तो शिंपला त्याने घराच्या तळाशी ठेवला. सुतळी पुन्हा कमरेला बांधली.

"एवढं छान घर कुणी केलं रे?" मासोळ्यांनी विचारलं.

चिंबू दोन्ही नांग्या वर करून उभा राहिला.

"दादाने आखलं. मी बांधलं!"

मासोळ्या गेल्या घरात, गोष्ट राहिली कानात.