ओंजळीपाशी थिजलेला वीर

त्या राज्यात राजा नव्हता. नियम चौकातल्या झाडाच्या सालीवर उघडे लिहिलेले असत. कुणीही वाचावेत, चार जणांना पटवून बदलावेत. याचा सगळ्यांना फार अभिमान होता. वाचत मात्र कुणी नसे.

चौकात एक पडदा होता. मागच्या बंद खोलीत परमुलखातला एक सरडा दिव्याच्या उजेडात अंगाचे रंग बदले आणि पडद्यावर चित्र उमटे. त्याची भाषा फक्त पोपटांना येई. बाहेर खेळायला बसलेला जशा दोऱ्या ओढी, तसे दुभाष्या पोपट आत सांगे आणि पडद्यावरचा वीर लढे.

पण काही दिवसांपासून एक विघ्न येऊ लागले. लढाई जिंकून वीर तळ्यावर वाके, ओंजळ ओठांशी नेई आणि तिथेच थिजे. खेळाच्या साथीचा नगारा वाजत राही, दोऱ्या ओढून ओढून तुटत, चित्र हलत नसे. दोष अर्थातच दुभाष्याचा. दोन पोपट आधीच हद्दपार झाले होते. तिसऱ्याची पिल्ले अजून उडती झाली नव्हती, आणि सभेने त्यालाही निघायला सांगितले.

शेजारच्या राज्यांतून कावळे उपाय घेऊन आले. "आमच्याकडे पोपटाला मिरची बंद केली, लगेच गुण आला," एक म्हणाला. दुसऱ्याने पडदा ओला करायला लावला, तिसऱ्याने नगारा उलटा टांगला. सगळे उपाय एकदम झाले. त्या दिवशी वीर पाणी प्यायला. कशाने, ते कुणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थिजला.

तेव्हा म्हातारे कासव म्हणाले, "पोपटाला चार दिवस राहू द्या. मी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो." सगळे हसले. कासवाने पडदा वाळवला, नगारा सरळ केला, पोपटाला मिरची दिली. वीर थिजतच राहिला. चौथ्या दिवशी ते मुंगीकडे गेले. खोलीत जे जे घडे ते मुंगी पानांवर टिपून ठेवी. इतके बारीक आणि इतके लांब, की आजवर कुणी उघडून पाहिले नव्हते. कासव मात्र शेवटून वाचू लागले. प्रत्येक थिजण्याआधीची ओळ एकच होती: लढाई संपली, दिवा बारीक केला. उपायांच्या गडबडीत वीर पाणी प्यायला, त्या एका दिवशी मात्र ती ओळ नव्हती.

कासव खोलीत गेले. दिवा बारीक होताच सरड्याच्या अंगातली ऊब गेली होती आणि तो गाढ झोपला होता. पोपट त्याच्या कानाशी तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याचा घसा बसला होता. बाहेर लोक त्याला शिव्या घालत होते. कासवाला फार वाईट वाटले.

त्याने वात वर केली. सरड्याने डोळे उघडले. पडद्यावर ओंजळ ओठांना लागली आणि वीर घटाघटा पाणी प्यायला.

चौकात कल्ला झाला. "लढाई संपली की दिवा बारीक करायचा, हे काढलं कुणी?" खार तावातावाने ओरडली. "आधी त्याला हाकला."

मुंगी झाडावर चढली आणि ज्यापायी दिवा बारीक होऊ लागला, तो सालीवरचा नवा नियम तिने शोधून दाखवला. 'तेल वाचवावे' एवढेच दोन शब्द होते. खाली चौकातल्या कितीतरी जणांच्या पायांचे संमतीचे ठसे होते, खारीचा सगळ्यांत वर.

पडद्यावर तळ्याचे पाणी संथ हलत होते. चौकात एकेकाने आपले पाय हळूच पोटाखाली घेतले.