खोडलेलं अस्वल

एका गावात शेतांच्या कुंपणांना चंद्रज्योत लावलेली होती. तिच्या बिया विषारी, पण चवीला शेंगदाण्यासारख्या. मुले त्या चोरून खात आणि मग ओकत बसत. शेवटी गावच्या पाटलांनी गोष्टी लिहिणाऱ्या एका बाईंना मुलांसाठी गोष्ट लिहायला सांगितले.

त्या गावाची एक रीत होती. मुलांसाठी लिहिलेले आधी चावडीवर वाचायचे आणि ज्या ओळीला कोणी हसेल, ती पाटलांनी खोडायची. पाटलांना हसण्याचा फार संशय. ते म्हणत, "पोरं हसतात तेव्हा कुणाची तरी टिंगल चाललेली असते. बहुतेक माझीच."

बाईंच्या गोष्टीत एक नवरदेव अस्वल होते. बिया खाऊन ते भर वरातीतून बाशिंगासकट झुडपामागे पळाले. चावडी हसली आणि अस्वल खोडले गेले. उरले एवढेच: 'बिया खाऊ नयेत. प्रकृती बिघडते.'

मुलांनी ते जांभया देत ऐकले. "मोठ्यांना एकट्यांनाच खायच्या असतील," एक मुलगी कुजबुजली. ती पाटलांची नात. दुसऱ्याच दिवशी तिने ओंजळभर बिया खाल्ल्या. दोन दिवस ती जगते की नाही, हे वैद्यही सांगेना.

ती वाचली, तसे पाटील बाईंकडे आले. "तुम्ही मुद्दाम रटाळ लिहिलंत."

"पाटील, मी लिहिलेलं तुम्ही ठेवलंत कुठे?"

"बरं, मग आता नुसतं हसवा."

"नुसतं हसवलं, तर पोरं अस्वल-अस्वल खेळतील. खऱ्या बिया खाऊन."

बाईंनी गोष्ट पुन्हा लिहिली आणि चावडी टाळून थेट मुलांपुढे वाचायला बसल्या. पाटील भिंतीआड कान लावून उभे राहिले. झुडूप आले, मुले लोळून हसली. पाटलांनी ओठ आवळले. मग एकदम सगळे गप्प झाले. पाटलांना त्याचाही संशय आला. त्यांनी डोकावले.

"परत आलंच नाही अस्वल?" नात विचारत होती.

"नाही. नवरी हार घेऊन उभीच राहिली."

"बियांमुळे?"

"बियांमुळे."

आठवड्याने पाटील शेताकडे निघाले होते. कुंपणापाशी एका मुलाने बी तोंडाकडे नेली. नातीने ती फटक्यात उडवली. "टाक ती, नवरदेवा. नवरी ताटकळेल तुझी."

पाटलांना हसू फुटले. मग कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून त्यांनी हळूच मागे वळून बघितले.

तात्पर्य एवढेच: मुलांना खरे सांगताना हसू खोडू नये, आणि हसवताना खरे लपवू नये.