काळपुळी आणि दोन वैद्य

पूर्वी शोणनगरात क्षेमंकर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. नाव भद्रसेन. त्या नगरात माणसांवर उपचार करणारा सुनेत्र आणि गुराढोरांवर उपचार करणारा वल्लभ असे दोन निष्णात वैद्य होते. पण सुनेत्राला गोठ्यात पाय ठेवणे कमीपणाचे वाटे आणि वल्लभ बोलावल्याशिवाय त्याच्या दारी जात नसे. एकाला दिसले ते दुसऱ्याला कळत नसे.

एका उन्हाळ्यात कातडी कमावणाऱ्यांच्या आळीत लोकांच्या हातांवर मधोमध काळे पडलेले फोड उठू लागले. ताप चढे आणि धडधाकट माणूस अंथरूण धरी. सुनेत्राचे काढे लागू पडेनात. राजा घाबरला. "लोकांना सीमेबाहेर हाकला आणि आळी जाळून टाका," अशी त्याने आज्ञा दिली.

भद्रसेन धावत आळीत पोहोचला, तेव्हा सैनिक पलिते पेटवून उभे होते. एका दारात रेवा नावाची बाई तापलेल्या नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती.

"यांना उठवत नाही हो," ती म्हणाली. "जाळायचंच तर आम्हाला आतच राहू द्या."

राजाज्ञा अडवणाऱ्याला देहदंड होता. तरी तो त्याच उंबऱ्यावर बसला आणि सेनानायकाला म्हणाला, "सूर्य मावळेपर्यंत थांब. तोवर कारण सापडलं नाही, तर पलिता आधी मला लाव."

मग त्याने दोन्ही वैद्यांना तिथेच बोलावून घेतले. सुनेत्राने रेवाच्या नवऱ्याच्या हातावरचे फडके सोडले. फोड पाहताच वल्लभचा चेहरा उतरला.

"कोणतं जनावर सोललंस, बाबा?"

"नदीकाठच्या कुरणात मेलेला बैल," रुग्ण कण्हत म्हणाला. "नाकातून काळं रक्त येत होतं त्याच्या."

"काळपुळी! गुरांचा हा रोग सोलणाऱ्यालाही धरतो. त्या कुरणात कितीतरी गुरं अशीच गेली आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीस?" सुनेत्र कडाडला.

"तू कधी विचारलंस?"

"भांडण मागून," भद्रसेन म्हणाला. "उरलेले कसे वाचतील ते बोला."

तेवढ्यात निरोप आला. त्याच कुरणात चरणारा राजाचा लाडका बैल धवल अचानक मेला होता, आणि सिंहासनावर अंथरण्यासाठी राजाने त्याचे कातडे काढायला सांगितले होते. तिघेही गोशाळेकडे धावले. राजा तिथेच उभा होता आणि सोलणाऱ्याने सुरी उचललीच होती.

"हात लावू नकोस!" भद्रसेन ओरडला.

"माझ्या धवलला खड्ड्यात लोटू?" राजा संतापला. "आज्ञाभंगाची तुझी शिक्षा अजून बाकी आहे."

"ती खुशाल द्या, महाराज. पण ती सुरी चालली, तर मृत्यू या माणसाच्या घरी जाईल."

तेव्हा सुनेत्र आणि वल्लभ एकदमच पुढे झाले. "महाराज, आम्हा दोघांचंही हेच म्हणणं आहे."

या दोघांना राजाने आजवर एकत्र उभे पाहिले नव्हते. त्याने सुरी खाली ठेवायला लावली आणि आळी जाळण्याची आज्ञा आणि भद्रसेनाची शिक्षाही मागे घेतली. धवलला न सोलता खोल खड्ड्यात चुन्याखाली पुरले. पहिली मूठ माती राजानेच टाकली. कुरण बंद झाले, निरोगी गुरे दूर नेली. दोन्ही वैद्य गोठ्यांतून आणि घरांतून सोबतच फिरू लागले. रेवाचा नवरा वाचला नाही. पण त्या आळीत पुन्हा नवा फोड उठला नाही.

ही कथा सांगून तथागत भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा आज आनंद आहे. सुनेत्र तो सारिपुत्त, वल्लभ तो मोग्गल्लान आणि रेवा ती खेमा. अमात्य भद्रसेन मीच होतो. भिक्षूंनो, माणसाचे दुःख आणि मुक्या जिवाचे दुःख जी वेगळे मानीत नाही, तीच खरी प्रज्ञा."