पाच खिळ्यांचा ओंडका

“रानातल्या कोळशाच्या भट्ट्या मोडून टाका! त्यांचा धूर माझ्या खिडकीत येतो!” राजा गरजला.

भट्टीवाल्या सावळ्याची मुलगी हौसा हात जोडून दरबारात उभी राहिली. “महाराज, भट्ट्या मोडल्या तर आमची बारा घरं खातील काय?”

“धूर खा!” प्रधान म्हणाला. सगळा दरबार फिदीफिदी हसला.

राजालाही चेव आला. “माझ्या मुदपाकखान्याला कालच चुना दिलाय. तिथे लाकूड जाळून भात शिजव. भिंतीवर धुराचा डाग पडला नाही तर भट्ट्या राहतील. पडला तर रान सोडायचं!”

प्रधानाने मुद्दाम बाभळीचा ओला ओंडका आणवला आणि त्यात तांब्याचे पाच खिळे ठोकले. “हाच जाळायचा! तुम्हा लोकांचा काय भरवसा? बदलून आणशील!”

“आठ दिवस द्या,” हौसा म्हणाली.

“महिना घे! ओल्या लाकडाचा धूर काय फडक्यात बांधून ठेवणार आहेस?”

हौसाने रानात ओंडका उभा केला. त्यावर पाला रचला, वरून चिखल लिंपला, हवेला दोनच भोकं ठेवली आणि आग लावली. आधी पांढरा धूर निघाला, मग पिवळा, मग विरळ निळा. निळाही संपत आला तेव्हा तिने भोकं बुजवली. भट्टी पुरती निवल्यावरच उघडली.

नवव्या दिवशी तिने काळाठिक्कर ओंडका प्रधानापुढे ठेवला.

“हा तर कोळसा! माझं लाकूड कुठाय?”

“खिळे मोजा, प्रधानजी. पाचापर्यंत येतं ना?”

प्रधानाने मोजले. दोनदा मोजले. पाचच!

मुदपाकखान्यात राजासमोर हौसाने कोळसा फोडून चुलीत घातला, निखारा ठेवून फुंकर मारली. विस्तव लालभडक झाला. धूर नाही!

“दारं-खिडक्या लावा!” प्रधान ओरडला. “लपवलेला धूर दिसेल!”

“लावायच्या तर तुम्ही एकटेच आत बसा. या विस्तवापाशी कोंडून घेतलेला माणूस आपल्या पायांनी बाहेर येत नाही.”

“उघडी राहू द्या!” राजा घाईघाईने म्हणाला.

भात शिजला. राजाने भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला नुसता चुना लागला.

“पोरी, या लाकडाचा धूर गेला कुठे?”

“तुमच्या खिडकीत आला ना, तोच तो! महाराज, तुमच्या हुक्क्यावर रोज निखारा असतो. त्याच्या वाटणीचा धूर आम्ही आधीच खाल्लेला असतो. प्रधानजींना उगाच वाटलं, त्यांनी सांगितल्यावर खाऊ!”

राजा पोट धरून हसला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं.

“भट्ट्या राहतील! मुदपाकखान्यालाही तुझाच कोळसा! आणि प्रधानजी, उठा, तेवढी माझी खिडकी लावून घ्या.”