अर्धा बंधारा

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. पावसाळा सरला की दोन्हीकडची माणसं आपापल्या काठापासून दगडमातीचा बंधारा घालत येत, मधोमध भेटत आणि तिथेच बसून गूळखोबरं खात. त्या अडवलेल्या पाण्यावर दोन्ही गावांचा गहू पिके.

अलीकडच्या गावात रायाजी नावाचा एक माणूस होता. बोलण्यात मोठा पटाईत. रोज पारावर उभा राहून तो सांगे, “पल्याडचे लोक आपले वैरी. त्यांचा वाराही नको.” तरुण पोरं माना डोलवत.

त्याची बायको सारजा पल्याडचीच. ती कपाळाला हात लावी. “अहो, काल माझ्या भावाने पाठवलेली वांगी दोनदा मागून खाल्लीत ना?”

“ते निराळं,” रायाजी म्हणे.

त्या वर्षी त्याच्या नादी लागलेल्या पोरांनी पल्याडच्यांना नदीतून हाकलून लावलं. मोठ्या जोमाने त्यांनी एकट्यांनीच बंधारा घालायला घेतला. पण त्याचं दुसरं टोक टेकवायचं कुठे? तो काठ पल्याडच्यांचा. काम अर्ध्यावर अडलं आणि पाणी बाजूने निघून गेलं.

“गावात फितूर आहेत,” रायाजी गरजला. “ज्याची सोयरीक पल्याड, तो फितूर.”

“सोयरीक नाही कुणाची?” सारजा वैतागून म्हणाली. “आणि पाण्याला हो कुणी फितवलं?”

रायाजीने ऐकलं नाही. फितूर ठरवून एकेका घराला गावचा पार बंद झाला. शेतात पाण्यावाचून गहू पिवळा पडू लागला. शेवटी त्याचा लाडका चेला धर्माजी उठून म्हणाला, “दादा, तुमची बायको पल्याडची. पारावरून खाली उतरा.”

“अरे, ते निराळं...” रायाजी सांगू लागला. पण पोरं त्याच्याच तालमीतली. ऐकून घ्यायला त्याने त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. त्यांनी त्याला दंडाला धरून खाली ओढलं.

पोरं आता नवा फितूर शोधू लागली. तेव्हा सारजाने पदर खोचला, शेजारणींना हाक दिली आणि नदी ओलांडून भावाचं दार वाजवलं. दोन्ही काठांवर पुन्हा दगडमातीच्या पाट्या हलू लागल्या. निम्मा गहू गेलाच, पण निम्मा वाचला.

रायाजी काठावर येऊन घसा खाकरू लागला. सारजाने मातीची भरली पाटी त्याच्या डोक्यावर ठेवली.

“चला. आणि आता काही बोलू नका.”

तात्पर्य: जो लोकांना वैरी शोधायला शिकवतो, त्याच्या दारी तेच लोक एक दिवस वैरी शोधत येतातच, आणि तोवर सगळ्यांचं पाणी वाहून गेलेलं असतं.